तिसरा डबा

पाच लाख लावा, तीन वर्षं थांबा. तोवर एखादी मोठी कंपनी आपल्याला विकत घेईल आणि तुमच्या पाचाचे वीस होतील. त्वचेच्या आरोग्यासाठी रोज पाण्यातून घ्यायची पावडर नव्याने बाजारात आणणाऱ्यांचा प्रस्ताव साधारण असा असतो. मुंबई-पुण्याच्या गुंतवणूकदारांपुरता तो आता राहिलेला नाही. अकोल्याचा अडत्या, अमरावतीचा डॉक्टर, वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा बागायतदार यांच्याकडेही तो ओळखीतून, लग्नाच्या पंगतीतून, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफमधून येऊ लागला आहे.

खालचा संवाद मी रचलेला आहे. काकाजी अकोल्याच्या बाजार समितीत उभी हयात घालवलेले अडते. पुतणी बी. फार्म. झालेली, अमरावतीला राजापेठेत स्वतःचं मेडिकल चालवते. ज्या डब्यावरून वाद होतो तो आणि तो डबा काढून काकाजींकडे पाच लाख मागणारा अमरावतीचा पोरगा, हेही काल्पनिक. डबा असा: महिन्याच्या तीस पुड्या, किंमत 1,500 रुपये, आत कोलॅजेन, व्हिटॅमिन सी, झिंक, बायोटिन आणि सेलेनियम. डब्याच्या हिशेबात जिथे ‘समजा’ म्हटलं आहे ते आकडेही धरून चालण्याचे. बाकी कंपन्या, कायदे आणि घटना खऱ्या आहेत.

काकाजी : तू तं डबा पाहूनच नाक मुरडलं, बाई. आधी हिशेब आयक. डिसेंबर 2022 मधे हिंदुस्थान युनिलिव्हरनं असेच डबे विकणाऱ्या ओझिवाचा 51 टक्के हिस्सा घेतला, 264 कोटीले. त्याच वक्ती वेलबीइंग न्यूट्रिशनचा 19.8 टक्के, 70 कोटीले. पुढच्या जुलैत मॅरिकोनं प्लिक्सचे 58 टक्के घेतले, त्याचे 369 कोटी. पॅराशूट विकणारे लोक हायेत हे. खोबऱ्याच्या भावावर चार आण्यासाठी भांडतात. त्यायले काही कळत नसन काय?

पुतणी : कळतं म्हणूनच त्यांनी काय घेतलं ते बघा. 264 कोटी हे 51 टक्क्यांचे, म्हणजे अख्ख्या ओझिवाचं मोल 518 कोटींच्या आसपास. तसाच भागाकार केला तर प्लिक्स 636 कोटींची. आकडे मोठेच आहेत. पण ओझिवा 2016 सालची. विकली गेली तेव्हा सहा वर्षं बाजारात रुळलेली होती आणि प्रोटीनपासून केसांच्या गोळ्यांपर्यंत तिचं फडताळ भरलेलं होतं. तुमच्या पोराकडे एक डबा आहे आणि तीन महिन्यांची विक्री. शिवाय विकल्या गेलेल्या तीन कंपन्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. विकल्या न गेलेल्या एकीचं तरी सांगा.

काकाजी : विको घे. पेंढरकर मूळचे नागपूरचे, किराण्याचे दुकानदार. 1952 मधे विको सुरू केली, दारोदार फिरून दंतमंजन विकलं. पुढं हळदीची क्रीम काढली तं एक्साइजवाले म्हणे हे सौंदर्यप्रसाधन, कर भरा. विको म्हणे हे आयुर्वेदिक औषध हाय. वर्षानुवर्षं चाललं ते भांडण, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, अन् विको जिंकली. विदर्भातला माणूस कातडीच्या धंद्यात घराघरात पोचू शकते, हे आधीच दिसलं हाय.

पुतणी : विकोचा दाखला माझ्या कामाचा आहे. तीन वर्षांत कंपनी दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं, असा पेंढरकरांचा बेत नव्हता. धंदा घरात राहिला, पुढच्या पिढ्यांनी चालवला. आणि त्यांचं भांडण औषध की प्रसाधन असं होतं. तुमचा डबा दोन्हीत बसत नाही. चष्मा लावा आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

काकाजी : ‘हेल्थ सप्लिमेंट’... अन् खाली ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. हे काय हो? विकायचं मेडिकलमधे अन् लिहायचं औषध नाही म्हणून?

पुतणी : कायद्याने ते लिहावंच लागतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, 2016 चे नियम आहेत, 1 जानेवारी 2018 पासून लागू. हा डबा कायद्याच्या नजरेत अन्न. आजार बरा होतो असं डब्यावर लिहिता येत नाही, जाहिरातीत सांगता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. तो दंड कंपनी भरते, म्हणजे तुमच्याच पाच लाखांतून.

गुंतवणूकदाराने इथे जरा थांबायला हवं, कारण या धंद्याची मेख इथेच आहे. परवाना अन्नाचा, दुकानातली जागा औषधाची आणि जाहिरात प्रसाधनाची. ग्राहक 1,500 रुपये मोजतो तो औषधाचा गुण अपेक्षून. कंपनीला मात्र ‘त्वचेचं आरोग्य राखण्यास मदत’ यापलीकडे फारसं बोलता येत नाही. डब्यावर लिहिता येतं ते आणि ग्राहकाच्या मनात असतं ते, यातलं अंतर रीलवरच्या चेहऱ्यांनी भरून काढावं लागतं, आणि ते चेहरे फुकट येत नाहीत. एक नमूद करतो: ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ जुलै 2020 मध्ये झालं, तेव्हापासून गोरं करतो म्हणायची मोठ्या कंपन्यांनाही चोरी झाली. चकाकी, तजेला, ‘ग्लो’ हे शब्द तेव्हापासून जास्तच ओझं वाहत आहेत.

काकाजी : बरं, लिहिता येत नाही ते नाही. पण गुण तं येते ना? कोलॅजेन म्हंतात ते खोटं हाय काय?

पुतणी : खोटं नाही, कच्चं आहे. 2025 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक आढावा आला. 23 चाचण्या, 1,474 माणसं. सगळ्यांची मोट बांधली तर कोलॅजेनने त्वचेतला ओलावा आणि लवचिकपणा सुधारलेला दिसतो. पण ज्या चाचण्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता, तेवढ्याच वेगळ्या काढल्या तर फायदा दिसत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2013 मध्येच एका कोलॅजेनचा त्वचेच्या लवचिकतेचा दावा पुराव्याअभावी नाकारला होता. त्याच प्राधिकरणाने व्हिटॅमिन सी शरीरात कोलॅजेन तयार व्हायला मदत करतं, झिंक त्वचा नीट राखायला मदत करतं, हे मात्र मान्य केलंय.

काकाजी : म्हंजे डब्यात जे महाग हाय त्याचा पुरावा कच्चा, अन् जे स्वस्त हाय त्याचा पक्का?

पुतणी : बरोबर पकडलंत. आणि स्वस्त ते कोणीही टाकू शकतं. व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची पट्टी माझ्या काउंटरवर किती रुपयांना जाते ते तुम्हाला माहीत आहे, आणि संत्र्याच्या जिल्ह्यात बसून ते पुडीतून विकत घ्यायला सांगायचं म्हणजे कमालच. मग दुसऱ्या कंपनीने उद्या हाच डबा 900 रुपयांत काढला तर तुमच्या पोराला अडवता येईल का? पेटंट नाही, कारखाना नाही. भरून देणारा कारखाना दुसऱ्याचा, तो उद्या त्यालाही भरून देईल.

काकाजी : तू शास्त्र सांगून राह्यली, मी बाजार सांगतो. संशोधनाचे कागद वाचून बियाणं घेणारा एक शेतकरी मी पाह्यला नाही. शेजाऱ्याचं पीक पाहते अन् घेते. बायायचंही तसंच. एकीचा चेहरा चांगला दिसला की गल्लीतल्या चौघी इचारतात, काय लावतं व?

पुतणी : शंभर टक्के मान्य. म्हणजे तुमचे पाच लाख शेजारणीच्या चेहऱ्यावर अवलंबून. तो चेहरा कधी दिसेल? ज्या चाचण्यांत गुण दिसला त्या बहुतेक आठ ते बारा आठवड्यांच्या. डबा तीस दिवसांचा. म्हणजे कंपनीचंच म्हणणं खरं धरलं तरी पहिल्या डब्यात काही दिसायचं नाही, दुसऱ्यात कदाचित, आणि खरा निकाल तिसऱ्या डब्यात. माझ्या दुकानातून असे डबे नेणाऱ्या पोरी दुसऱ्या महिन्यात येतात आणि काय विचारतात माहीत आहे? ‘यापेक्षा दुसरं काही चांगलं आहे का?’

काकाजी : तरी घेऊन तं जातात ना काहीतरी.

पुतणी : दुसऱ्या कंपनीचं. आता माझा हिशेब ऐका, तुमच्या अडतीच्या पट्टीसारखा मांडते. डबा 1,500 चा. कर, दुकानदाराचं आणि स्टॉकिस्टचं मार्जिन मिळून समजा 570 गेले. कंपनीच्या हाती 930. माल, डबा, भाडं धरून 350. उरले 580. पण नवं गिऱ्हाईक आपोआप येत नाही. फेसबुक-इन्स्टाची जाहिरात, रीलवाल्यांचे पैसे, पहिल्या खरेदीवरची सूट असं सगळं मिळून एका नव्या गिऱ्हाइकामागे समजा 900 लागले. मग पहिल्या डब्यावर नफा किती?

काकाजी : नफा कुठचा? 320 घरचे गेले.

पुतणी : शंभर गिऱ्हाइकांवर 32,000 चा खड्डा. आता त्यातल्या तिसांनी दुसरा डबा घेतला. जाहिरात नाही, 580 पूर्ण सुटले. तीस गुणिले 580, 17,400. तरी खड्डा 14,600 चा उरतोच. त्याच तिसांनी तिसराही डबा घेतला तर 34,800 येतात आणि खड्डा भरून 2,800 हातात. पगार, गाळ्याचं भाडं, तुमच्या पोराची विमानाची तिकिटं यात धरलेलीच नाहीत. म्हणजे या धंद्यात पैसा तिसऱ्या डब्यापासून दिसायला लागतो. तुम्हाला दाखवलेल्या पीडीएफमध्ये पहिल्या तीन महिन्यांत किती डबे गेले तो आलेख आहे. तिसरा डबा किती जणांनी घेतला ते कुठे आहे?

काकाजी : ते नाही त्यात.

पुतणी : आणि ‘गेले’ म्हणजे कुठे गेले? स्टॉकिस्टच्या गोदामात गेले तरी कंपनीच्या वहीत विक्री झाली. कंपनीचा माणूस माझ्याकडे येतो, दहावर दोन फ्रीची स्कीम देतो, मी घेऊन ठेवते. खपले नाहीत तर एक्स्पायरीच्या आधी रिटर्न.

काकाजी : हे मले सांगू नको. यार्डात आवक झाली म्हंजे माल खपला, असं नवखा अडत्याच समजते.

पुतणी : मोठ्यांचीही यात गफलत होते. मामाअर्थची मालक कंपनी होनासा. नोव्हेंबर 2023 मध्ये 324 रुपयांना शेअर विकले. वर्षभराने, नोव्हेंबर 2024 मध्ये, तिमाही तोटा जाहीर केला. वितरणाची घडी बदलताना वितरकांकडचा साठा कमी करावा लागला, असं कारण कंपनीने दिलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी शेअर 20 टक्के पडून लोअर सर्किटला, 324 च्या खाली. तिथे निदान शेअर बाजार होता, सेबी होती, दर तिमाहीला हिशेब छापून येत होता. तुम्हाला हिशेब कोण दाखवणार?

काकाजींचा उतावळेपणा समजून घ्यायचा तर अकोल्याचा पैसा कुठे फिरायचा ते पाहावं लागतं. डिसेंबर 2021 मध्ये सेबीने सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि नंतर त्या बंदीला मुदतवाढ मिळत गेली. भावाचा अंदाज बांधून पैसा लावायची ज्यांच्या हाताला सवय आहे, त्यांचा एक जुना रस्ता बंद झाला. जमिनीत पैसा अडकतो, बँकेत वाढत नाही. अशा वेळी एखादा आपल्याकडचाच पोरगा लॅपटॉप उघडून चौपटीचा आलेख दाखवतो. त्यात लोभ आहेच, पण नुसता लोभ नाही. काकाजींचं पुढचं बोलणं मला त्यांच्या सगळ्या आकड्यांपेक्षा वजनदार वाटतं.

काकाजी : एक सांगू तुले? आपला कापूस इथून रेल्वेनं मुंबईले गेला, तिथून मँचेस्टरले गेला. सूत त्यायचं, कपडा त्यायचा. संत्र इथलं, ज्यूसची बाटली दुसऱ्याची. दरवेळी आपण कच्चा माल देतो अन् पक्का इकत घेतो. आता एक पोरगा म्हंते, मी अमरावतीत बसून नाव उभं करतो, तं त्याले आपण पैसा द्यायचा नाही? मुंबईवाल्यानं दिला की मग आपण म्हणायचं, आपलाच होता!

पुतणी : मला हे पटतं. म्हणून तर डबा उलटा करून पाहिला. कोलॅजेन माशाच्या किंवा जनावराच्या कातडीतून निघतं, ते बाहेरून आलेलं. डबा भरला दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात. अमरावतीचा आहे फक्त पत्ता. संत्र्याच्या सालीतून काही काढलं असतं, कृषी विद्यापीठात तपासून घेतलं असतं, तर मी स्वतः दुकानात पुढे मांडलं असतं आणि पन्नास हजार लावलेही असते. कच्चा माल देऊन पक्का घ्यायचं तुमचं दुःख या डब्याने मिटत नाही. आपण यात कच्चा मालसुद्धा देत नाही, फक्त पैसा देतो.

काकाजी : मग अकोल्याच्या त्या क्रीमचं काय? ते पाहूनच मले वाटलं, सीलबंद मालाले आता दिवस येतीन.

ती गोष्ट 2023 च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली. अकोल्याची बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज. तिघींत समान काय, याचा शोध घेता घेता डॉक्टर एका त्वचा उजळवण्याच्या क्रीमपर्यंत पोचले. ती स्थानिक पातळीवर मिळालेली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली आणि क्रीममध्ये पारा सापडला. भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत अनवधानाने राहिलेल्या पाऱ्याची मर्यादा, डोळ्यांभोवतीची प्रसाधनं वगळता, दशलक्ष भागांत एक भाग इतकी आहे. केरळात मलप्पुरमकडच्या डॉक्टरांनीही त्याच वर्षी उजळवणाऱ्या क्रीम आणि मूत्रपिंडाच्या आजाराचा असाच संबंध दाखवला.

पुतणी : तुम्ही म्हणता लोक उघड्या मालाला भ्याले, आता लायसनवाला माल घेतील. मी काउंटरवर उलटं पाहते. आई पोरीला सांगते, चेहऱ्याचं काहीही नको, हळद लाव. भीती एकदा बसली की ती डब्याचं सील बघून थांबत नाही.

काकाजी : काही दिवस. लग्न ठरलं की तेच माय-लेकी येतात तुह्या दुकानात. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत आपल्याकडं लगीनसराई. नवरीनं तीन महिने आधी सुरू केलं की झाले ना तुहे तीन डबे!

पुतणी : हा मात्र तुमचा खरा मुद्दा. तीन डबे घेणारं गिऱ्हाईक असेल तर ते नवरीच. पण लग्न झालं की डबा बंद, आणि पुढच्या नवरीला पुन्हा 900 रुपये खर्चून शोधायचं. वर्षभर घेणारं गिऱ्हाईक इथे किती? महिन्याला 1,500, वर्षाचे 18,000. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328. म्हणजे जवळपास साडेतीन क्विंटल सोयाबीन एका बाईच्या चेहऱ्यावर, तेही हमीभाव मिळाला तर.

काकाजी : हमीभाव! (हसतात.) यार्डात येऊन पाय एकदा.

पुतणी : तुम्हाला अजून एक धोका सांगते. तुमच्या पीडीएफमध्ये ‘जोखीम’ नावाचं पानच नाही. डब्यात सेलेनियम आहे ना?

काकाजी : हाय. चांगलंच असन ना ते?

पुतणी : लागतं, पण मायक्रोग्रॅममध्ये. शेगाव तालुक्यातलं विसरलात? जानेवारी 2025, बोंडगाव, कालवड, हिंगणा. तीन-चार दिवसांत लोकांच्या डोक्यावरचे केस हातात यायला लागले. आधी पाण्यावर संशय. मग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बाधितांच्या रक्तात, केसांत सेलेनियम खूप वाढलेलं असल्याचं सांगितलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. पुढे काही जणांची नखंही गेली. अमेरिकेत 2008 मध्ये हेच एका सप्लिमेंटने झालं. लेबलवर 200 मायक्रोग्रॅम, बाटलीत त्याच्या दोनशे पट सेलेनियम. 201 माणसं आजारी. चूक कुठे झाली? मिश्रण करताना.

काकाजी : अन् आपला माल तं दुसऱ्याच्याच कारखान्यात मिसळते.

पुतणी : म्हणून तुम्ही प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल मागायचा, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा. नमुन्याचा एक नाही, प्रत्येक बॅचचा. बायोटिनचंही असंच. जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्या बिघडवतं, थायरॉइडची, हृदयविकाराच्या ट्रोपोनिनची. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये तसा इशारा दिलाय. उद्या कोणाचा हार्ट अटॅक तपासणीत चुकला आणि बोट या डब्याकडे आलं तर नाव वर्तमानपत्रात येईल, आणि पैसा तुमचा बुडेल.

काकाजी : बरं बाई. पण पैसा कसा घेणार हायेत ते तं आयक. पोरगा म्हंते, ‘काका, निम्मे कॅश चालतीन. महिन्याले दीड टक्का तुम्हाले घरपोच, अन् शेअरचा कागद नंतर करू.’

पुतणी : काकाजी, इथेच उठायला हवं होतं तुम्ही!

काकाजी : यार्डात सारा व्यवहार शब्दावरच चालते, पोरी.

पुतणी : यार्डात समोर माल असतो आणि उद्या पुन्हा तोच माणूस भेटतो. इथे शब्दाला किंमत नाही. खाजगी कंपनीला शेअर द्यायचे तर कंपनी कायदा 2013 चं कलम 42 आहे. नाव घेऊन पीएएस-4 नावाचं प्रस्तावपत्र द्यावं लागतं. एका आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त लोकांना देता येत नाही, जाहिरात करता येत नाही. पैसे बँकेतूनच, रोख चालत नाही. साठ दिवसांत शेअर द्यायचे, नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत. तेही नाही झालं तर बारा टक्के व्याज. आणि महिन्याला ठरलेला दीड टक्का म्हणजे ती गुंतवणूकच राहत नाही, ती ठेव झाली. लोकांकडून अशा ठेवी घ्यायला खाजगी कंपनीला मनाई आहे. 2019 चा अनियंत्रित ठेव योजनांवरचा केंद्राचा कायदा आहे, आपल्या राज्याचा ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा एमपीआयडी कायदा आहे. तो पोरगा कदाचित प्रामाणिक असेल, त्याला माहीत नसेल. पण तुमचा पैसा त्याच्या अज्ञानावर का ठेवायचा?

काकाजी : अन् समज कागद सारे नीट केले. मग?

पुतणी : मग शेअर तुमचे. पण विकणार कुठे? सोयाबीन दुपारी लिलावात गेलं की संध्याकाळपर्यंत पट्टी हातात येते. खाजगी कंपनीचा शेअर कोणाला विकायचा, त्याला संचालक हो म्हणतील का, हे सगळं त्यांच्या नियमावलीत. तुमची पाचाची वीस होण्याची गोष्ट एकाच गोष्टीवर उभी आहे: मोठी कंपनी येईल. नाही आली तर काय, हे त्याला विचारलंत का?

काकाजी : संत्र्याची बाग लावली तं पाचव्या-सहाव्या वर्षी फळ दिसते. तेवढं थांबायले मी तयार हाय.

पुतणी : मग तसंच सांगा त्याला. तीन वर्षांत चौपट नको, सहा वर्षांत फळ दिसलं तरी चालेल. बघा तो काय म्हणतो. ज्याला खरंच धंदा उभा करायचाय त्याला हे ऐकून बरं वाटेल. ज्याला फक्त पुढचा पैसा उभा करायचाय तो दुसऱ्या काकाजींकडे जाईल.

माझा कौल पुतणीकडे आहे, पण तिच्याइतका कडक नाही. वऱ्हाडातल्या पैशाने वऱ्हाडातलं नाव उभं करावं ही काकाजींची इच्छा टाकाऊ नाही, आणि कोणीतरी तपासलेला, सीलबंद, खरं लेबल असलेला माल विकावा ही गरज अकोल्याच्या त्या तिघींनी किंमत मोजून दाखवली आहे. बिघडलेली आहे ती अपेक्षा. आठ-बारा आठवड्यांनी गुण दिसलाच तर दिसेल अशा वस्तूकडून तीन महिन्यांच्या विक्रीवरून तीन वर्षांचं भाकीत करायचं, आणि त्या भाकितावर चौपट मागायची, यात घाई गुंतवणूकदाराची तेवढीच आहे जेवढी त्या पोराची. चौपटीची मागणी वाढली की जाहिरात भडक होते, दावा लेबलच्या बाहेर जातो, आणि स्टॉकिस्टच्या गोदामात माल साचतो.

काकाजींनी पाचाऐवजी एक लाख लावायचं ठरवलं असतं तर मी त्यांना अडवलं नसतं. बुडाला तरी घरातलं काही विकावं लागणार नाही एवढी रक्कम, चेकने, आणि शेअरचा दाखला हातात आला की विषय संपला.

असा प्रस्ताव तुमच्याकडे आला असेल, तर कंपनीकडे आधी दोन कागद मागा. एक, पीएएस-4. दुसरा, पहिला डबा घेणाऱ्यांपैकी दुसरा आणि तिसरा किती जणांनी घेतला याचा महिनावार तक्ता. ऑनलाइन विकणाऱ्या कोणत्याही कंपनीला तो आपल्याच नोंदींतून काढता येतो. पहिला कागद नसेल तर पैसे देऊ नका. दुसरा द्यायला टाळाटाळ झाली तर पुढच्या वर्षी पुन्हा या म्हणा.